बिनचिठ्ठीचे उतारू

आधीच सांगते, मी कोणाला पळवलं न्हाय. पळवतात कोंबड्या. तिघं माणसं भर दुपारी आपल्या पायांनी चालत आली, माझ्या होडीत बसली, आणि मी त्यांना पलीकडून अलीकडे आणलं. माझा धंदाच तो हाय. सासऱ्यानं केला, नवऱ्यानं केला, आणि नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षं मी करते. पण पोलिसांच्या कागदावर काय लिवलंय? 'आरोपी नीराबाई हिने फिर्यादीचे मजूर फूस लावून पळवून नेले.' फिर्यादीचे मजूर! जशी फिर्यादीची म्हैस.

आमचं खारशेत म्हणजे खाडीच्या काठाला चाळीस घरं, बहुतेक कोळ्यांची. अर्धी खाडी तळा तालुक्याची, अर्धी म्हसळ्याची. मधे कुठं रेघ मारलीय ते सरकारला ठाऊक, माशांना न्हाय. पलीकडच्या काठाला एक दगडी धक्का, त्याच्यावर देवव्रतशेठची नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडीच्या वर रानात त्याच्या कोळशाच्या भट्ट्या. भट्टीवर राबतात कातकरी. तिथनं तळ्याच्या बाजाराला यायचं तर सडकेनं अख्खा डोंगर फिरून यावं लागतं, आणि ती सडक शेठच्या फाटकातनं जाते. नायतर माझी होडी, बारा मिनिटं. होडीचं नाव ठमी. बुटकी हाय आणि बुडाला रुंद, म्हणून सासूनं ठेवलेलं. वादळात पण पालथी पडली न्हाय कधी.

तरीचा, म्हणजे माणसं पार करायच्या होडीचा, एक नेम हाय आमच्याकडे. पलीकडनं कोणी हाक मारली, "तर गो, तर!" की हातातलं टाकून निघायचं. हाक मारणारा कोण, कुठला, कशाला चाललाय, विचारायचं न्हाय. जेवत असलीस तर हात धू आणि निघ. सासरा सांगायचा, हाक ऐकून जो बसून राहतो त्याला खाडी विसरत न्हाय. मी सोळा वर्षांची नवरी होते तेव्हा वाटायचं, म्हातारा उगाच घाबरवतो.

तर हा नेम मी मोडला. तीन वर्षं मोडला. ते आधी सांगते, मग माझी बाजू सांगते, कारण उलटं सांगितलं तर मी फार शहाणी दिसेन.

तीन वर्षांमागं दिवाळी झाल्यावर देवव्रतशेठ स्वतः माझ्या दारात आला. पांढरा शर्ट, हातात दोन शहाळी. "नीराबाई, बसू का?" म्हणाला. आमच्या ओटीवर तोपर्यंत कोणी असं विचारून बसलेला न्हाय. मग म्हणाला, "आमच्या भट्टीवरची माणसं भोळी आहेत हो. बाजारात जातात, पितात, कुठंतरी पडून राहतात. त्यांच्याच भल्यासाठी एक करा. माझ्या हातची चिठ्ठी असेल तरच होडीत घ्या. चिठ्ठी नसेल तर परत पाठवा. आणि चिठ्ठी फेकू नका, तारेला लावून ठेवा. विनेश अधनंमधनं येऊन बघेल. कोणी खोटी आणली तर कळायला हवं ना?"

विनेश म्हणजे त्याचा मुकादम.

मी व्हय म्हटलं. का म्हटलं? एक तर पलीकडचा धक्का त्याच्या जागेत. त्यानं तिथं काटे टाकले तर मी होडी काय हवेत लावू? पण खरं सांगू? धक्क्याची भीती नंतरची. "नीराबाई, तुम्ही" असं म्हणणारा माणूस दारात आला, ह्यानंच मी फुगले. मला वाटलं, शेठ माझ्यावर विश्वास टाकतोय. अक्कल गहाण पडायला फार काही लागत न्हाय, दोन शहाळी पुरतात.

मग चिठ्ठ्या यायला लागल्या. शेठचं अक्षर मोत्यासारखं, हिरव्या शाईचं. 'मैना. एकटी. तळ्याचा बाजार. चारच्या आत परत. पोर भट्टीवर राहील.' मी सातवी शिकलेली, मला वाचता येत होतं. रोज वाचत होते आणि तारेला खोचत होते. पोर भट्टीवर का राहील, हे माझ्या डोक्यात आलं न्हाय असं म्हणणार न्हाय मी. आलं होतं. आलं आणि मी त्याला चहा पाजून घालवलं.

मैना म्हणजे पंचविशीतली बाई, काटक, बोलायची कमी. नवरा चंदर, पोरगी नलू आठ वर्षांची. आणि तेव्हा कडेवर एक लहान होता, वर्षाचा पण नसेल. त्यांच्या लग्नात शेठकडनं काही उचल घेतलेली, ती फेडतायत तेव्हापासून. किती फिटली, ते शेठची वही जाणे.

गेल्या वर्षीच्या माघात मैना धक्क्यावर येऊन हाक मारायला लागली. दुपारची वेळ. मी होडी घेऊन गेले. तिच्या कडेवरचं पोर तापानं फणफणलेलं, डोळे पांढरे केलेले. "बाय, तळ्याला दवाखान्यात नेते," म्हणाली.

मी म्हटलं, "चिठ्ठी?"

"शेठ गावात न्हाय. विनेश देत न्हाय."

"मग गो, विनेशला पुन्हा विचार. मला शेठनं सांगितलंय. मी काय करू?"

तिनं पोराला पदरात गुंडाळलं. मग वळली आणि वर चढून गेली. मी रिकामी होडी घेऊन परत आले. तिसऱ्या दिवशी विनेश तार बघायला आला, चहा घेतला, आणि जाताना म्हणाला, "त्या मैनेचं पोर गेलं. हाडकुळंच होतं." जसं कोणी सांगावं, आज बांगडा महाग हाय.

त्या रात्री मी जेवले न्हाय. पण दुसऱ्या दिवशी परत चिठ्ठ्या तारेला खोचल्याच. असली मी. वर्ष काढलं मी तसं. मैना चिठ्ठी घेऊन यायची, होडीच्या नाळेशी, पार पुढच्या टोकाला बसायची, माझ्याकडे बघायची न्हाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता यंदाच्या चैत्रातलं सांगते. भरती चढलेली, ऊन असं की पाण्याकडे बघवत न्हाय. शेठ पुतण्याच्या साखरपुड्याला अलिबागला गेलेला, विनेश कोळशाचा ट्रक घेऊन सडकेनं. पलीकडनं हाक आली. गेले. धक्क्यावर तिघं उभी: मैना, चंदर, नलू. डोक्यावर एक गाठोडं. तिघांना एकत्र मी त्या धक्क्यावर कधी बघितलं नव्हतं. एक आला की बाकीची भट्टीवर, हा शेठचा कायदा.

मैना विचारत बसली न्हाय. पाण्यात उतरली, पोरीला उचलून आत ठेवली आणि स्वतः बसली. चंदर मागनं चढला. आणि माझं तोंड बघा, मेलं! सवयीनं बोललंच. "चिठ्ठी?"

मैना माझ्याकडे बघायला लागली. वर्षात पहिल्यांदा सरळ बघितलं. "न्हाय चिठ्ठी," ती म्हणाली. "यंदा पण परत पाठवतेस काय, बाय?"

मला काय झालं ते मला सांगता येत न्हाय. लाज वाटली, एवढं कळलं. इतकी की कानशिलं गरम झाली. मी मशीनची दोरी अशी खेचली की एका झटक्यात सुरू झालं, एरवी तीनदा खेचावी लागते.

अर्ध्या खाडीत आलो तर मागनं आरडाओरडा. विनेश ट्रक सोडून परत आलेला, धक्क्यावर नाचत होता. "नीराबाई, होडी वळव! तर गो, तर!"

आता हाक आली की जायला हवं, नेम तो नेम. मी गेले ना! त्या तिघांना खारशेतच्या बंदरावर उतरवलं, घरी नेलं, चहा केला, नलूला बटर दिले, आणि मग गेले विनेशला आणायला. म्हटलं, "बोल, कुठं जायचंय तुला? चिठ्ठी हाय काय तुझ्याकडे?"

त्यानं जे तोंड सोडलं ते मी इथं सांगत न्हाय. मी पण सोडलं. कोळणीच्या तोंडाला लागायची त्याची हौस फिटली.

तिसऱ्या दिवशी पोलीस आले. नलू अल्पवयीन म्हणून मुलीला पळवल्याचं कलम, मजुरांना फूस लावल्याचं कलम, आणि होडी मुद्देमाल. माझी ठमी टेम्पोत घालून नेली आणि चौकीच्या मागं गवतात उपडी घातली. कोरड्यावर होडी तडकते, सांगितलं मी, ओल्या गोणपाटानं झाका. हवालदार बरा होता बिचारा, त्यानं झाकली. मला सही करायला सांगितली, मी केली, पण खाली माझ्या अक्षरात लिवलं, 'पळवलं न्हाय, आणलं.'

मग मी आश्लेषाला फोन केला. आश्लेषा आमच्याच गावच्या वरच्या आळीतल्या बागवाल्यांची मुलगी, माझ्याच होडीतनं शाळेत गेलेली, आता वकील. लहानपणी होडीतनं पाण्यात पाय सोडायची, मी धपाटा घालायची. ती त्याच दिवशी आली. तिनं मैना-चंदरशी बसून सगळं ऐकलं आणि प्रांतसाहेबांकडे अर्ज घातला, की ही माणसं वेठीला धरलेली, ह्यांना मुक्तीचा दाखला द्यावा. दाखला मिळाला की उचल-बिचल सगळी खलास, शेठचा काही हक्क उरत न्हाय. न्हाय मिळाला तर? तर ती शेठची काम सोडून पळालेली माणसं, आणि मी त्यांना पळवणारी.

"नीराकाकी," आश्लेषा म्हणाली, "एकच अडचण आहे. भट्टीला कुंपण नाही, कुलूप नाही. शेठ म्हणणार, कोणी अडवलं होतं? जाऊ देत नव्हते हे दाखवणारं काहीतरी हातात हवं."

ती हे बोलत होती आणि तिच्या डोक्यामागं, चुलीच्या वरच्या खुंटीला, ती तार लटकत होती. चिठ्ठ्यांचा हा एवढा झुबका, धुरानं पिवळा पडलेला. मी बघितलं आणि म्हटलं, "चहा घेशील काय गो?"

घाबरले मी. तार दाखवली तर कळणार की अडवणारी मीच. कायद्यात मदत करणाऱ्याला पण शिक्षा हाय, हे तिनंच मघाशी सांगितलेलं. आणि मैना आठ दिवस माझ्या घरात जेवत होती. तिला तार दिसत नव्हती काय? रोज दिसत होती. एक शब्द बोलली न्हाय.

सुनावणीच्या आदल्या दिवशी माझा दीर सदा आला. त्याचं मासेमारीचं पण ठमीवरच चालतं, त्यामुळे चेहरा सुकलेला. "वहिनी, शेठ भेटला होता," म्हणाला. "तुला त्रास द्यायचा त्याला काही अट्टहास न्हाय. फक्त एवढं सांग, हे लोक नेहमीसारखे उतारू, येत-जात होते, कोणी कोणाला अडवत नव्हतं. बस. तक्रार मागं, होडी परवा घरी, धक्का पण तुझा."

"आणि ही तिघं?"

"ती जातील परत कामावर. न्हायतर काय खातील? वहिनी, कातकऱ्यांसाठी कोळ्यानं होडी बुडवायची काय?"

"भावजी," मी म्हटलं, "जेवून जा. पण हे बोलणं पानात वाढू नका."

तो न जेवताच गेला. मला वाईट वाटलं. त्याचं चुकत होतं असं म्हणवत न्हाय, त्याच्या घरात पण चार तोंडं. सकाळी निघताना मी तार खुंटीवरनं काढली आणि पिशवीत घातली. दाखवायची असं ठरवलं होतं काय? न्हाय ठरवलं. नुसती घेतली बरोबर.

प्रांत ऑफिसात शेठ आधीच बसलेला, तोच पांढरा शर्ट. मला बघून हात जोडले. त्याचा वकील उठला आणि पहिलंच म्हणाला, की भट्टी म्हसळा तालुक्यात, होडी निघाली म्हसळ्याच्या काठावरनं, म्हणून ह्या प्रांतांना चौकशीचा अधिकार न्हाय.

प्रांतसाहेब तरुण होते, चेहऱ्यावर झोप अपुरी. म्हणाले, "ती माणसं आत्ता कुठे आहेत?"

"इथे, सर," आश्लेषा म्हणाली.

"मग मी इथेच विचारतो."

मग शेठ बोलला. काय गोड बोलला! "साहेब, ही माणसं मला घरच्यासारखी. त्यांना कुठंही जायची मोकळीक आहे. आजवर मी कोणाला अडवलेलं नाही. भट्टीला कुंपण आहे का, विचारा त्यांना."

प्रांतांनी चंदरला विचारलं. चंदर शेठकडे बघून म्हणाला, "शेठ सांगंल तसं." पिढ्यांची सवय, जिभेवरच बसलेली. आश्लेषानं कपाळाला हात लावला.

मग मैनेला विचारलं. "ताई, घाबरू नका. तुम्हाला जायचं होतं आणि कोणी जाऊ दिलं नाही, असं कधी झालं का?"

मैनेनं मान खाली घातली.

"झालं होतं का? कोणी अडवलं?"

मैना जमिनीकडे बघत होती. बोटानं पदराची कड दुमडत होती. आश्लेषा तिच्या कानात म्हणाली, "सांग ना मैना, मला सांगितलंस तसं." न्हाय. शेठच्या वकिलानं कागद गोळा करायला सुरुवात केली. जबाब लिहिणाऱ्या बाईनं पेन खाली ठेवलं.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं, की ही का बोलत न्हाय. तिला जिनं अडवलं होतं ती तिच्या शेजारी बसली होती. तिनं माझ्या घरचं आठ दिवस खाल्लं होतं. माझं नाव घ्यायला नको म्हणून ती बाई पोरीसकट परत त्या धुरात जायला तयार होती. माझ्यासाठी! मी जिचं पोर...

मी उभी राहिले. "साहेब, ती सांगणार न्हाय. मी सांगते. हिला मी अडवलं."

"काकी, बसा," आश्लेषा हळूच म्हणाली. "हे तुमच्यावर येईल."

"येऊ दे गो. इतके दिवस दुसऱ्यांवरच आलंय."

पिशवीतनं तार काढली आणि टेबलावर ठेवली. मांडवाखालच्या तोरणासारखी पसरली ती. खोलीत चुलीच्या धुराचा वास सुटला. शेठ खुर्चीत पुढं आला. त्याला आपलं अक्षर लांबनं ओळखता आलं.

"ह्या काय आहेत?" प्रांतांनी विचारलं.

"शेठच्या चिठ्ठ्या साहेब. तीन वर्षांच्या. ह्या असल्या तरच भट्टीवरच्या माणसाला होडीत घ्यायचं, नसल्या तर परत पाठवायचं. शेठनं सांगितलं, मी ऐकलं. कुंपण न्हाय म्हणतात ते बरोबर हाय. सडकेवर ह्यांचं फाटक, आणि पाण्यावर मी. कुंपण मीच होते."

प्रांतांनी एक चिठ्ठी तारेतनं काढून मोठ्यानं वाचली. "'मैना. एकटी. तळ्याचा बाजार. चारच्या आत परत. पोर भट्टीवर राहील.'" मग दुसरी वाचली. मग तिसरी. सगळ्यांच्या शेवटी एकच, पोर भट्टीवर राहील. त्यांनी शेठकडे बघितलं. "पोर कशासाठी राहायचं?"

शेठ म्हणाला, "लहान मूल, उन्हातान्हात कशाला... त्यांच्याच भल्यासाठी, साहेब."

वकील मधे पडला. "सर, ही फक्त सुरक्षेची पद्धत आहे. कारखान्यात असतो तसा गेटपास. तरीवर शिस्त असावी म्हणून."

"बाई," प्रांतांनी मला विचारलं, "इतर उतारूंकडे तुम्ही चिठ्ठी मागता?"

मला हसूच आलं. "साहेब, मी नवऱ्यामुली आणल्यात, वराती आणल्यात, पिऊन झिंगलेले आणलेत. जत्रेला शेठच्या वाडीतल्या बकऱ्या आणल्या. बकऱ्यांना पण चिठ्ठी नव्हती."

मागं बाकावर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"आणि चिठ्ठी नसताना कोणी आलं तर खरंच परत पाठवलं? तसं कधी झालं?"

हा प्रश्न येणार होता. मी टेबलाची कड धरली. "गेल्या वर्षीच्या माघात. ही आली होती. कडेवर तापलेलं पोर. दवाखान्यात जायचं म्हणाली. चिठ्ठी नव्हती. मी परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी पोर गेलं." मी तारेवर हात ठेवला. "त्या दिवसाची चिठ्ठी ह्या तारेला न्हाय साहेब. बाकी सगळ्या हायत. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, कमी देऊ नका. पण हे लिवा. माझ्या नावानं लिवा."

लिहिणाऱ्या बाईनं पेन उचललं होतं.

आणि मैना बोलली. मान वर करून, शेठकडे न बघता, सरळ प्रांतांकडे बघून. "बायनं अडवलं. पण चिठ्ठी शेठची."

एवढंच बोलली. मला वाटतं, सगळ्या वकिलांनी मिळून वर्षभर भाषण केलं असतं तरी ते एवढं झालं नसतं. शेठ उठून काहीतरी सांगायला लागला, की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ह्यांना सांभाळलं, की ही नीराबाई कृतघ्न, हिला मी बहीण मानलं. मी म्हटलं, "शेठ, बहिणीला भाऊबीज घालतात. तुम्ही चिठ्ठ्या घातल्यात."

त्याच दिवशी दाखले झाले. मैना, चंदर आणि नलू, तिघांचे तीन, शिक्का मारलेले. भट्टीवर उरलेल्या सगळ्यांची चौकशी करायचा हुकूम पण निघाला. तार ऑफिसात ठेवून घेतली, पुरावा म्हणून. माझ्यावरचा खटला कोर्टात हाय अजून, आणि मी दिलेल्या जबाबाचं काय होतंय ते पण बघायचंय. आश्लेषा म्हणते, काकी, काळजी करू नका. मी कुठं करते? तारखेला जाते, साक्ष विचारली तर तेच सांगते, शब्द बदलत न्हाय. ठमी पंधरा दिवसांनी जामिनावर सुटली. बुडाला एक फट पडली होती, ती सदानं भरून दिली. बोलत नव्हता माझ्याशी, पण फट भरली.

होडी पाण्यात पडली त्या पहिल्याच दिवशी मैना नलूला घेऊन बंदरावर आली. "बाय, पलीकडं सोड."

"कशाला गो? तुझं भांडं-कुंडं आणायला चंदर जाईल पोलीस घेऊन."

"भांड्याला न्हाय. लेकरू तिथं हाय."

भट्टीच्या वरच्या अंगाला, एका ऐनाच्या झाडाखाली पुरलेलं त्यांनी. दोघींना बसवलं आणि निघाले. भर दुपार, भरती. धक्का जवळ आला तसा विनेश दिसला. आम्हाला बघून तो खाली उतरला आणि पायरीवर आडवा उभा राहिला.

"कोणाला विचारून आलात?"

मैनेनं पोलक्यातनं दाखला काढला. मला वाटलं त्याला दाखवतेय, परत कागद, परत ह्याच धक्क्यावर. पण तिनं तो माझ्या हातात दिला. "वाच, बाय. मोठ्यानं वाच. वरपर्यंत ऐकू जाऊ दे."

मी मशीन बंद केलं. होडीत उभी राहिले आणि हाक मारायच्या आवाजात वाचला, तर बोलवताना लावतात तसा. 'सदर स्त्री वेठबिगारीतून मुक्त असून, तिच्यावर कोणाचेही कोणतेही बंधन राहिलेले नाही.' वाडीतनं वर रानापर्यंत गेला आवाज. भट्टीवरची माणसं एकेक करून कड्याला येऊन उभी राहिली. मी परत वाचला. तिसऱ्यांदा पण वाचला, मला वाचायला बरं वाटत होतं.

विनेशनं हात पुढं केला. "दे इकडे तो कागद. शेठला दाखवून आणतो."

मैनेनं माझ्या हातनं दाखला घेतला, घडी घातली, परत पोलक्यात ठेवला. "हा तारेला लावायचा न्हाय," ती म्हणाली.

मग नलूचा हात धरून तिनं पायरीवर पाय ठेवला. विनेश बाजूला झाला. दोघी वर चढून गेल्या, सावकाश, कोणाकडे न बघता. मी होडी धक्क्याला बांधली आणि सावलीत बसून राहिले.

वरनं तिची हाक आली तेव्हा पाच वाजून गेले होते.